मैदान, तीन बोल आणि मोऱ्याचा काशिराम

मी, दाजी गोमा मढवी, वय वर्षे चौसष्ट, व्यवसाय शेती व मिठागर, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण (दाखला लोखंडी पेटीत आहे; ज्यास शंका असेल त्याने पाहावा), राहणार मौजे तक्का, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा, आज रविवार दिनांक २६ नोव्हेंबर १९६१ रोजी माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. चष्मा लावून मला स्वच्छ दिसते. स्मरण उत्तम आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखविलेली नाही. मी रागात आहे, ही गोष्ट खरी आहे. परंतु रागावलेला मनुष्य शुद्धीवर नसतो असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

कलम १. राहते घर, मागील गोठा आणि विहिरीतील अर्धा हिस्सा थोरला मुलगा जगन यास द्यावा. जगन हल्ली माझ्याविरुद्ध बोलतो. म्हणून त्याच्या मुलाबाळांच्या डोक्यावरचे छप्पर काढून घेण्याइतका मी हलका मनुष्य नव्हे.

कलम २. मिठागरातील माझा चार आण्यांचा हिस्सा धाकटा मुलगा शिवा, हल्ली राहणार जासई, यास द्यावा. तो जासईस का राहतो, ते पुढे येईल.

कलम ३. मुलगी चंद्रावती हिला तिच्या आईची बोरमाळ व पोस्टातील पुस्तकात जे शिल्लक असेल ते द्यावे. माझी पंचाची पितळी शिट्टीही तिलाच द्यावी. तिच्या सासरी सगळे एकाच वेळी बोलतात.

कलम ४. आता मैदान. हे मृत्युपत्र मी मुख्यतः याच कलमासाठी लिहीत आहे.

मोठे खळे म्हणून ओळखली जाणारी माझ्या मालकीची जमीन, क्षेत्र एक एकर चार गुंठे, पूर्वेस गाढी नदीकडे जाणारी पायवाट, पश्चिमेस खाडीचा बांध, उत्तरेस व दक्षिणेस माझीच भातशेती, हिच्यावर सन १९४७ पासून श्री बहिरीदेव हुतूतू मंडळ, तक्का, खेळत आले आहे. या जमिनीत मी चौदा वर्षे भात लावलेले नाही. दरवर्षी शेजारच्या भाताची कापणी झाली की ही जमीन खणावी, चाळावी, पाणी मारून धुम्मसाने ठोकावी आणि वर बारीक माती पसरावी, असा माझा परिपाठ आहे. माझी पत्नी कैलासवासी गुणाबाई माती चाळावयास बसे आणि म्हणे, "घरात तांदूल निवडायला बाईमानूस भेटत नाय, आनि ह्यांच्या मातीतले खडे मी निवडते." म्हणे, परंतु निवडी. या मैदानावर आजपर्यंत एकाही खेळाडूचे कोपर खड्याने फाटलेले नाही.

हे मैदान मंडळास द्यावे असे माझ्या मनात दहा वर्षांपासून होते. गेल्या पंधरवड्यात जे घडले त्यामुळे ते मन फिरले आहे. कारणे खुलाशाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी "म्हातारा भ्रमला होता" असे म्हणू नये.

आमच्या भागात सहा गावांची सहा मंडळे आहेत. पूर्वी ज्या गावात घरे अधिक, तेथे पोरे अधिक, आणि विजेत्याची ढाल दरवर्षी तेथेच. बाकीच्यांनी मार खावा व परत यावे. सन १९४६ साली यावरून डोकी फुटली. तेव्हा मी सहा गावांच्या कारभाऱ्यांस याच खळ्यावर बसवून नऊ नियम लिहून दिले. नियम असे की, देवदिवाळीच्या दिवशी सहाही गावांतील अठरा वर्षे पूर्ण झालेली, खेळू पाहणारी पोरे एका रांगेत उभी राहावीत. मागील हंगामात जे मंडळ शेवटचे आले असेल त्याने प्रथम एकाचे नाव पुकारावे, मग पाचव्याने, मग चौथ्याने, आणि ढाल जिंकणाऱ्याने सर्वांच्या मागून. ज्याचे नाव पुकारले त्याने त्या गावाचा बनियन घालावा. या नाव पुकारण्याच्या हक्कास आम्ही 'बोल' म्हणतो. शेवटच्यास पहिला बोल मिळतो, त्यामुळे कोणतेही गाव कायमचे खाली राहत नाही. चौदा वर्षांत ढाल पाच गावांत फिरली आहे. हे नियम करणारा मनुष्य चौथी शिकलेला आहे, याची मंडळाच्या हल्लीच्या अध्यक्षांनी नोंद घ्यावी.

सातवा नियम मी असा लिहिला होता की, "बोल सावडीने देता येईल." सावड म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोरास सांगावे लागू नये. आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. एखाद्या गावास यंदा पोराची निकड असेल, तर दुसऱ्याने आपला बोल द्यावा व पुढील वर्षी परत घ्यावा, इतकाच त्याचा अर्थ.

आता आमचे मंडळ गेल्या हंगामात सहावे, म्हणजे शेवटचे आले. येत्या देवदिवाळीस पहिला बोल तक्क्याचा आहे. आणि मंडळाचे अध्यक्ष काळूराम भगत, भातगिरणीवाले, व चिटणीस जगन दाजी मढवी, म्हणजे माझाच मुलगा, यांनी असे घाटले आहे की हा पहिला बोल आणि पुढील दोन वर्षांचे बोल, असे एकूण तीन, सहा गावांपैकीच मोरा येथील मंडळास द्यावेत आणि त्यांच्याकडून काशिराम नाखवा हा एक चढाईवाला घ्यावा.

काशिरामबद्दल मला वाकडे बोलावयाचे नाही. एका दमात चार गडी मारून मधल्या रेषेवर हसत परत येणारा तसा खेळाडू या खाडीच्या दोन्ही तीरांवर नाही. मागून तोल सांभाळणारे सात भेटतील, पण पुढे जाऊन डाव फिरविणारा एखादाच असतो, हे मी पोरांस स्वतः शिकविले आहे. प्रश्न तो नव्हे. प्रश्न एका माणसासाठी किती उद्या द्यावयाचे, हा आहे.

जगन कागद-पेन्सिल घेऊन माझ्यापुढे बसला. त्याचे म्हणणे जसेच्या तसे लिहितो.

"बाबा, इसाब बघा. औंदाचा बोल पयला हाय, तो जाईल, कबूल. पन काशिराम आला म्हंजे आपन वर जानार. मंग फुडचे दोन बोल पाचवे नायतर सहावे. सहाव्या बोलाला रांगेत कोन उरतो? जो चढाईला जाऊन दम धरायला इसरतो तो! त्यो मोऱ्याला गेला तं आपला काय गेला?"

मी म्हणालो, "काशिराम पडला तर?"

"का पडंल?"

"पडला तर आपण पुन्हा शेवटचे. मग पुढच्या वर्षीचा पहिला बोल कोणाचा?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मी म्हणालो, "मोऱ्याचा. आपण जितके वाईट हरू, तितका आपण दिलेला बोल मोठा होत जाईल. असा सौदा मी आजवर पाहिला नाही, ज्यात आपले दुखणे वाढले की समोरच्याची कमाई वाढते."

जगनने माझीच वही माझ्यापुढे टाकली. चौदा देवदिवाळ्यांत पहिल्या बोलाने घेतलेल्या पोरांचे पुढे काय झाले, ते मी त्या वहीत लिहून ठेवले आहे. "चौदातले सा चांगले निंगाले, पाच बरे, तीन फुकट. हे तुमचाच अक्षर हाय. पयला बोल म्हंजे अर्ध्याला बी खात्री नाय. काशिराम तं डोल्यासमोर उभा हाय."

हा मुद्दा खोटा नाही, म्हणून तो येथे लिहिला. परंतु त्या सहा चांगल्यांपैकी प्रत्येक जण आठ आठ, दहा दहा वर्षे खेळला, हे जगनने वाचले नाही. काशिरामचे वय एकतीस. तो दोन हंगाम खेळेल, फार तर तीन. शिवाय मी फाल्गुनात एस.टी.ने उरणला व तेथून मोऱ्यास जाऊन त्याचे दोन सामने कडेला बसून पाहिले आहेत. पंचवीस चढायांत तो एकदाही उजव्या पायावर वळला नाही. घोट्याची पकड आली की तो डावीकडेच पडतो. उजवा गुडघा गेलेला आहे. मोऱ्याचे लोक डोळे मिटून मासळी विकत नाहीत, ते चढाईवाला का विकत आहेत याचा विचार कोणी करावा?

हे मी बैठकीत सांगितले. काळूराम भगत म्हणाले, "दाजी, तुमी माती चाला. गुडघं आमी बघू." लोक हसले. पुन्हा म्हणाले, "म्हाताऱ्याला पोरं पायजेत, आमाला ढाल पायजे." त्यावर तर टाळ्या पडल्या. काळूराम सातवीत दोनदा नापास झालेले आहेत, हे मी आजपर्यंत कोठेही बोललो नव्हतो. येथे लिहून ठेवतो. त्यांनी माझ्या प्रेतास खांदा देऊ नये.

आता जे लिहावयाचे ते लिहिणे मला जड आहे; परंतु अर्धे सत्य लिहून सही करणे मला जमत नाही.

असाच सौदा मी स्वतः केलेला आहे. सन १९५२ मध्ये मी अध्यक्ष असताना जासईचा विठू म्हणून एक चढाईवाला होता, त्याच्यासाठी मी पुढील दोन वर्षांचे बोल जासईस दिले. जगनने आज जो हिशेब मांडला तोच तेव्हा मी मांडला होता, कागदाशिवाय. पहिल्या हंगामात आम्ही ढाल जिंकली. माझी मिरवणूक निघाली. दुसऱ्या हंगामात माघ महिन्यात विठूस मुंबईच्या गिरणीत नोकरी लागली, तो मोऱ्याहून लाँचने गेला तो परत आला नाही. आम्ही शेवटचे आलो. सन १९५४ च्या देवदिवाळीस तक्क्याचा म्हणून जो पहिला बोल होता, तो जासईच्या हातात होता. त्या वर्षी रांगेत माझा धाकटा मुलगा शिवा उभा होता.

चौथा नियम असा की, अध्यक्षाच्या मुलासही रांगेतून सूट नाही. तोही मीच लिहिलेला. जासईच्या कारभाऱ्याने पहिलेच नाव पुकारले, "शिवा दाजी मढवी, तक्का." मी पंच होतो. शिट्टी मीच वाजविली.

शिवा सात हंगाम आमच्याविरुद्ध उजवा कोपरा धरून उभा आहे. जासईकरांनी त्यास मिठागरात काम दिले, तेथेच त्याचे लग्न झाले, तेथेच घर झाले. सणास येतो, जेवतो, बैलांच्या पाठीवर हात फिरवून जातो. त्या देवदिवाळीबद्दल त्याने मला एक अक्षर विचारलेले नाही. गुणाबाईने मात्र त्या संध्याकाळी विचारले. "बैल इकताना बी लोक त्याच्या कपालाला कुकू लावतात. माझ्या पोराला तेवढा तरी लावायचा होतात." त्यानंतर तिने माती चाळली नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः बसलो.

तेव्हा ज्यास असल्या सौद्याची किंमत माहीत आहे असा या गावात मी एकटाच आहे. त्यालाच माती चाळावयास सांगतात.

यास्तव मैदानाबद्दल माझी आज्ञा खालीलप्रमाणे आहे. मंडळाने तीन बोल मोऱ्यास न दिल्यास मोठे खळे, चाळण, धुम्मस व पाण्याच्या दोन पखालींसह मंडळास द्यावे. दिल्यास सदर जमीन मोरा येथील मंडळास द्यावी. ज्याच्या हातात तक्क्याची पुढील तीन वर्षे गेली, त्याच्याच हातात मैदान जाणे योग्य होय. आमच्या मंडळाने वाटल्यास मोऱ्याची परवानगी घेऊन तेथे खेळावे, आणि काळूराम भगत यांनी माती चाळावी.

हे वरील लिहिणे मी वाचून पाहिले. बरोबर आहे.

सही: दाजी गोमा मढवी
साक्षीदार: १. नारो धर्मा पाटील, तक्का. २. बाळकृष्ण हरी जोशी, निवृत्त शिक्षक, पनवेल.
मुक्काम तक्का, ता. २६ नोव्हेंबर १९६१.

पुरवणी

आज रविवार दिनांक ३ डिसेंबर १९६१. वरील मृत्युपत्र लिहून आठवडा होतो न होतो तोच मला ही पुरवणी जोडावी लागत आहे. मन वारंवार बदलणारा मनुष्य मी नाही. कारण घडले ते असे.

शुक्रवारी मंडळाची बैठक झाली. मी कलम ४ सर्वांसमक्ष वाचून दाखविले. काळूराम म्हणाले, "जमीन म्हातारा मेल्यावर जानार, ढाल तं मे म्हयन्यात येनार." अकरा सभासदांपैकी सात जणांनी सौद्याच्या बाजूने हात वर केले. सातवा हात जगनचा. मोऱ्यास निरोप गेला. माझे मैदान त्या घटकेस तक्क्याचे राहिले नाही.

आज सकाळी मी अंगणात बसलो असता एक धिप्पाड मनुष्य फाटकाशी येऊन उभा राहिला. चालताना उजवा पाय किंचित मागे राहत होता, म्हणून तोंड पाहण्यापूर्वीच मी ओळखले. काशिराम नाखवा. एकटाच आला होता. जगन आतून धावत आला, पाट मांडला, चहा सांगितला. त्यास वाटले पाहुणा मैदान बघावयास आला.

काशिरामने चहा घेतला नाही. तो म्हणाला, "दाजी, मी येनार नाय. ता सांगाया आलो."

जगन म्हणाला, "अरे, पन ठरला ना! तुज्या मंडलानं होकार दिलाय."

"मंडलानं दिलाय. मला कोनी इचारला? काल जाली सुकवत होतो तं बायको सांगते, तू तक्क्याचा झालास. तिला बाजारात समजला. मला तिच्याकरना." मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्यो गेलाय. मोऱ्याला ठावं हाय, मला ठावं हाय. एक साल खेलेन, तेवढा आपल्या मातीत खेलेन. नवीन गावात जाऊन लोकांच्या शिव्या खायाचा माजा वय नाय रायला."

मला आनंद झाला, हे कबूल करतो. मी जगनकडे पाहून म्हणालो, "ऐकलेस?" आणि काशिरामला म्हणालो, "हे तू तुझ्या मंडळासच का सांगितले नाहीस? बैठकीत उभे राहून नाही म्हणावयाचे."

तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मी त्याची थट्टा करीत आहे. म्हणाला, "कुठल्या नियमानं नाय म्हनू? नऊ नियम हायेत, पोरपनी पाठ केलेत. बोल कोनाचा, पाली कोनाची, बनियन कोनता, सगला हाय. खेलनाऱ्यानं तोंड उघडायची जागा दाखवा तुमी. तुमीच लिवलेत ना?"

मी वही आणविली. नऊही नियम त्याच्यासमोर मोठ्याने वाचले. चांगल्या अक्षरात लिहिलेले आहेत, कोठे खाडाखोड नाही. तशी जागा त्यात नाही.

चौदा वर्षे मी रांगेकडे तोंड करून उभा राहिलो आणि प्रत्येक वेळी गावांनाच विचारले. ज्याचे नाव पुकारले जात होते, तो समोर उभा असे. त्यास विचारावे हे मला सुचले नाही, आणि मला सुचले नाही म्हणून सहा गावांत कोणासही सुचले नाही. काळूराम भगत यांच्यावर मी जो राग कलम ४ मध्ये लिहिला आहे, तो मी मागे घेत नाही. परंतु त्यांनी माझाच नियम वापरला, आणि यावेळी तो राग ज्याच्यावर निघावयास हवा तो मनुष्य या पुरवणीखाली सही करणार आहे.

जगन उठून आत गेला. मग त्याने ठरावाचे पुस्तक आणले आणि विचारले, "खोडू का, बाबा?"

मी म्हणालो, "चिटणीस तू आहेस."

त्याने काशिरामकडे पाहिले. "नाय म्हन्तोस ना? नक्की?"

"नाय."

जगनने शुक्रवारचा ठराव खोडला व बाजूस लिहिले, "खेळाडूचा नकार." तारीख घातली. काळूराम आरडाओरडा करतील. करावा. त्यानंतर काशिरामने चहा मागितला, आणि दोनदा घेतला.

सबब मैदानाबद्दलची वरील कलम ४ मधील आज्ञा रद्द करून खालीलप्रमाणे लिहितो.

मोठे खळे व त्यावरील सर्व साहित्य श्री बहिरीदेव हुतूतू मंडळ, तक्का, यास द्यावे. अट एकच. मंडळाने दहावा नियम पाळावा व उरलेल्या पाच गावांकडून पाळून घ्यावा. तो असा:

"नियम दहावा. बोलाने असो, सावडीने असो की सौद्याने असो, ज्याचे नाव पुकारावयाचे त्यास सर्वांसमक्ष प्रथम विचारावे. तो हो म्हणाला तरच त्याने बनियन घालावा. नाही म्हणाला तर कारण विचारू नये."

हा नियम मोडून एकही माणूस घेतला किंवा दिला, तर त्या दिवसापासून मंडळाचा हक्क संपला असे समजावे, आणि जगनने जमिनीत नांगर घालून भात लावावे. चौदा वर्षे चाळलेली माती आहे, पीक चांगले येईल.

मी मरेपर्यंत या नियमाने थांबू नये. येत्या शुक्रवारी देवदिवाळी आहे. पहिला बोल तक्क्याचा आहे व तो तक्क्याकडेच आहे. रांगेपुढे उभे राहून चिटणीसाने प्रथम विचारावे. मी कडेला खुर्ची टाकून बसणार आहे. मला डाव्या कानाने कमी ऐकू येते, तेव्हा प्रश्न मोठ्याने विचारावा, आणि पोराने उत्तर त्याहून मोठ्याने द्यावे.

सही: दाजी गोमा मढवी
साक्षीदार: १. बाळकृष्ण हरी जोशी, निवृत्त शिक्षक, पनवेल. २. काशिराम पोशा नाखवा, राहणार मोरा, तालुका उरण (साक्षीदार होतोस का असे विचारले, हो म्हणाला).
मुक्काम तक्का, ता. ३ डिसेंबर १९६१.